'व्यवसाय आणि धोरण' : मधल्या 'आणि'विषयी

मराठी घेऊन बी. ए. झालेला विद्यार्थी पुढे काय करणार, ह्या प्रश्नाची ठरलेली उत्तरे आम्हां प्राध्यापकमंडळींना तोंडपाठ आहेत : एम. ए., बी. एड., स्पर्धापरीक्षा, वृत्तपत्र, आणि अलीकडे भाषांतर. गेल्या काही वर्षांत ह्या यादीत एक अनपेक्षित नाव शिरले आहे : वर्तनविज्ञान, आणि तेही 'व्यवसाय आणि धोरण' ह्यांसाठी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, वॉरिक, पेनसिल्व्हेनिया अशा विद्यापीठांतून ह्या विषयाचे, किंवा त्याच्या सख्ख्या भावंडांचे, पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. आमच्याकडे त्यांची माहितीपत्रके घेऊन, शिफारसपत्र मागायला विद्यार्थी येतात. त्यांना पाहून आमच्या सहकाऱ्यांत दोन प्रतिक्रिया उमटतात. काहींच्या मते हा आपला प्रांतच नव्हे. काहींना उलट भरते येते : आता साहित्याच्या विद्यार्थ्यालाही बाजारात किंमत आली! दोन्ही प्रतिक्रिया आम्हांला उथळ वाटतात. हा आपला प्रांत आहे, पण पाहुणा म्हणून नव्हे आणि पुरवठादार म्हणून तर नव्हेच, हे आमचे म्हणणे आहे.

विषयाची ओळख थोडक्यात करून देतो. माणूस प्रत्येक निर्णय नफातोटा मोजून घेतो, हे अर्थशास्त्राचे जुने गृहीतक. डॅनियल कानेमान आणि एमोस ट्व्हर्स्की ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालच्या आपल्या निबंधात त्याला सुरुंग लावला. कानेमान ह्यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ट्व्हर्स्की त्याआधीच, १९९६ साली, निवर्तले होते. रिचर्ड थेलर आणि कास सन्स्टीन ह्यांचे 'नज' हे पुस्तक २००८ साली आले, २०१० साली ब्रिटिश सरकारने ह्या विचारावर आधारलेला स्वतंत्र कक्ष उघडला आणि २०१७ साली थेलर ह्यांनाही नोबेल मिळाले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत एक आख्खे प्रकरण ह्या विषयाला वाहिलेले आहे. म्हणजे ही काही परदेशातील कुजबुज राहिलेली नाही.

आता मुद्द्याचे. १९८१ साली ह्याच जोडीने एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका रोगाच्या साथीत सहाशे माणसे दगावण्याची भीती आहे, उपाय दोन. पहिल्या उपायाने दोनशे 'वाचतील', दुसऱ्यात सगळे वाचण्याची शक्यता एकतृतीयांश आणि कोणीच न वाचण्याची दोनतृतीयांश. ७२ टक्के लोकांनी पहिला निवडला. दुसऱ्या गटाला तेच उपाय सांगितले, फक्त पहिल्याने चारशे 'मरतील' असे म्हटले. आता तो निवडणारे उरले २२ टक्के. आकडे तेच, क्रियापद बदलले.

साहित्याच्या वर्गात ह्यावर कोणी चकित होणार नाही. सांगण्याच्या वळणालाच काव्याचे जीवित मानणारा कुंतक आपण शिकवतोच. पण तेवढ्यावर छाती फुगवू नये. शब्द बदलल्याने अर्थ बदलतो हे आपण हजार वर्षे म्हणत आलो. किती माणसांच्या बाबतीत, किती बदलतो, हे मोजायला आपण कधी बसलो नाही. ते त्यांनी केले.

मात्र मोजणाऱ्यांना वाचता येतेच असे नाही, आणि इथे आमचे भांडण सुरू होते. १९८३ सालची लिंडा घ्या. एकतीस वर्षांची, अविवाहित, बुद्धिमान, परखड बोलणारी, तत्त्वज्ञान शिकलेली, विद्यार्थिदशेत सामाजिक न्यायाची आच असलेली आणि अणुविरोधी निदर्शनांत भाग घेतलेली. आता अधिक संभाव्य काय : लिंडा बँकेत रोखपाल आहे, की ती बँकेत रोखपाल आहे आणि स्त्रीवादी चळवळीतही आहे? सुमारे ८५ टक्के लोकांनी दुसरे उत्तर दिले. गणिताने ते चूक आहे, कारण दोन गोष्टी एकत्र असण्याची शक्यता त्यांतल्या एकीपेक्षा जास्त असूच शकत नाही. पाठ्यपुस्तकांतून हा प्रयोग मानवी तर्काच्या लंगडेपणाचा दाखला म्हणून मिरवतो.

पण एखादी गोष्ट ऐकताना श्रोता काय करतो? सांगणाऱ्याने तपशील उगीच दिलेला नाही असे तो धरून चालतो. निदर्शनांचा उल्लेख आला, म्हणजे त्याचे पुढे काही तरी होणार. हा कथेचा करार आहे, आणि आपण त्यालाच वाचनाची समज म्हणतो. संशोधकांनी आधी एक पात्र उभे केले आणि नंतर त्याला पात्र समजल्याबद्दल वाचकाचे गुण कापले! राल्फ हर्टविग आणि गेर्ड गिगेरेन्झर ह्यांनी १९९९ साली नेमके हेच दाखवले : 'संभाव्य' ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द रोजच्या बोलण्यात एकच एक गणिती अर्थ बाळगून नसतो. 'अशा शंभर स्त्रियांपैकी किती जणी' असे विचारले की ही चूक पुष्कळ कमी होते. मराठीत तर पेच आणखी वाढतो. 'शक्य', 'संभव', 'बहुधा' ह्यांची वजने वेगवेगळी; आणि आपले 'असेल' हे एकाच श्वासात भविष्यही सांगते आणि तर्कही. ही प्रश्नावली मराठीत उतरवणारा कोणता शब्द निवडतो ह्यावर उत्तर हलू शकते. एवढा निर्णायक शब्द बहुधा शेवटच्या आठवड्यात, प्रश्नावली छापायला जाण्याआधी, कोणाकडून तरी 'भाषांतरित करून' घेतला जातो.

'नज' ह्या शब्दाचेच पाहा ना. त्याला मराठीत काय म्हणावे? शब्दशः जवळचा शब्द 'कोपरखळी'. पण मराठीतली कोपरखळी बसली हे ज्याला बसते त्याला कळावे लागते. न कळलेली कोपरखळी फुकट गेली. तिच्यात दोन माणसे शेजारी बसलेली असतात आणि त्यांच्यात थोडी सलगी असते. धोरणातल्या 'नज'ला ह्याची गरज नाही. अर्जावरच्या एखाद्या चौकोनात आधीच खूण करून ठेवली तर ती न कळताही काम करते. थेलर आणि सन्स्टीन ह्यांना ह्या धोक्याची जाण आहे : जे उघडपणे समर्थनीय ठरणार नाही ते करू नये, अशी अट त्यांनी आपल्या पुस्तकात घातली आहे. मराठी शब्दाने ती अट आपल्या अर्थातच बाळगलेली आहे. म्हणून ह्या विषयाला आम्ही 'कोपरखळीशास्त्र' म्हणू इच्छितो. कोणी स्वीकारणार नाही, हे ठाऊक आहे. असो.

आता त्या 'आणि'कडे वळू. 'व्यवसाय आणि धोरण' असे पदवीच्या नावात किंवा माहितीपत्रकात म्हटले की दोन्ही एकाच कौशल्याची क्षेत्रे वाटतात. प्रयोगांची रचना तीच, संख्याशास्त्र तेच, संगणकप्रणालीही तीच. पण विक्रेत्याकडे नोकरी करणाऱ्या वर्तनवैज्ञानिकाचे यश ग्राहकाने जास्त खर्च करण्यात असते, आणि शासनाकडच्याचे यश त्याच ग्राहकाला त्यापासून वाचवण्यात असू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत असे तेरा प्रकार नोंदवलेले आहेत. न मागितलेली वस्तू खरेदीच्या टोपलीत गुपचूप टाकणे हा एक. दुसरा आम्हांला विशेष उद्बोधक वाटतो : विमानाचे तिकीट काढताना विमा नको असेल तर ग्राहकाला 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवायला लावणे, म्हणजे नकाराची लाज वाटायला लावणे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने ह्या वाक्यापाशी थांबावे. ते प्रथमपुरुषी आहे. त्यातला 'मी' ग्राहक आहे, पण वाक्याची लेखक कंपनी आहे. निवेदक आणि लेखक एक नसतात, हे आपण पहिल्या वर्षाला कादंबरी शिकवताना सांगतो आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते लिहून विसरतात. इथे तो भेद पैशांत मोजता येतो. माझ्या तोंडी माझ्याविरुद्धचे वाक्य कोणी घातले, हे ओळखण्याची सवय संख्याशास्त्राच्या तासाला लागत नाही. ती वाचनाने लागते.

धोरणाच्या बाजूलाही सगळे आलबेल नाही. वर उल्लेखिलेल्या आर्थिक पाहणीत 'बेटी बचाओ, बेटी पढाओ'च्या पुढची पायरी म्हणून 'बदलाव' हे नाव सुचवले होते. 'बेटी आपकी धनलक्ष्मी और विजयलक्ष्मी' ह्या ओळीची ती आद्याक्षरे. हेतू चांगला : मुलीकडे ओझे म्हणून पाहणाऱ्याची नजर बदलावी. पण ही घोषणा मराठी घरात पोचताना काय होईल? आपल्याकडे मुलगी आणि धन हे दोन शब्द शेजारी आले की कानात पहिल्यांदा 'परक्याचे धन' वाजते. जी म्हण मोडायची तिचाच शब्द घोषणेत बसलेला. महाराष्ट्राने २०२३ साली आणलेल्या योजनेचे नाव 'लेक लाडकी' आहे, आणि ते कानाला अधिक आपले वाटते ह्यात शंका नाही. तिच्यात पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबातील मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. तरी 'लाड' हा शब्दही तपासायला हवा. लाड करणाऱ्याच्या मर्जीने होतात. 'लाभार्थी' ह्या शब्दाचेही तेच. विद्येची इच्छा धरतो तो विद्यार्थी, तसा लाभाची इच्छा धरतो तो लाभार्थी. म्हणजे शासन ज्याला त्याचे देणे देते त्याला आपण याचकाच्या रांगेत उभे करून ठेवले आहे. 'हक्कदार' म्हटले असते तर अर्ज करणाऱ्यांची संख्या बदलली असती काय? ठाऊक नाही. पण मोजता येण्याजोगा प्रश्न आहे, आणि तो सुचायला शब्दाची फोड करता यावी लागते.

सातारा जिल्ह्यातले २०११ सालचे उदाहरण ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. मुलगा हवा असताना जन्मलेल्या मुलीचे नाव 'नकुशी' ठेवण्याची रीत तिथे होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. वर्तनवैज्ञानिक विचारील : पुढे त्यांच्या शिक्षणात, लग्नाच्या वयात काही फरक पडला काय, आणि तो नावामुळेच कशावरून? प्रश्न रास्त आहे. आमचा प्रश्न वेगळा असेल : हाक मारणाऱ्या आजीच्या तोंडी नवे नाव बसले काय, की कागदावर एक आणि उंबऱ्याच्या आत दुसरे असे दुहेरी आयुष्य सुरू झाले? पहिल्याचे उत्तर तक्त्यात येते, दुसऱ्यासाठी घरात जाऊन ऐकावे लागते. एकाच प्रबंधात दोन्ही असायला काय हरकत आहे?

ह्या शास्त्राच्या अलीकडच्या पडझडीविषयीही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. माहितीपत्रके ते सांगत नाहीत. २०१५ साली मानसशास्त्रातील शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा ३६ टक्क्यांच्या आसपासच टिकले. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि एलिझाबेथ लिनोस ह्यांच्या २०२२ सालच्या निबंधानुसार विद्यापीठीय नियतकालिकांत छापलेल्या प्रयोगांत 'नज'चा परिणाम सरासरी ८.७ टक्के-अंकांचा दिसतो. अमेरिकेतल्या दोन मोठ्या शासकीय कक्षांच्या सर्वच प्रयोगांत तो १.४ भरतो. मुख्य कारण उघड आहे : फसलेला प्रयोग कोणी छापत नाही. आणि विनोद म्हणावा की विषाद, लोकांना प्रामाणिक कसे करावे ह्यावरचा एक गाजलेला निबंध त्यातली आकडेवारी बनावट निघाल्यामुळे २०२१ साली मागे घ्यावा लागला. तरी हे सारे उकरून काढले ते ह्याच क्षेत्रातल्या लोकांनी, हेही विसरू नये. आपल्या समीक्षेत एखादे मत चुकीचे ठरून मागे घेतल्याचे उदाहरण शोधावे लागेल!

तेव्हा शिफारसपत्र मागायला येणाऱ्याला आम्ही ते देतो, पण दोन गोष्टी सांगून. एक, जाण्याआधी वर्षभर संख्याशास्त्र शिक. 'आम्ही भाषेची माणसे, आम्हांला आकडे जमत नाहीत' ही आपल्या विभागांतली लाडकी सबब तिथे चालणार नाही, आणि ती चालू नये. आकडे न कळणाऱ्याला त्या खोलीत घोषवाक्ये लिहायला बसवतात. काय मोजायचे हे दुसरे ठरवतात. दोन, प्रवेश घेताना विचार की प्रयोगातली माणसे कोणत्या भाषेत विचार करणारी असतील. जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले की मानसशास्त्राचे बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, संपन्न समाजांतल्या लोकांवरून काढलेले आहेत. बीडच्या ऊसतोड कामगाराने उचल घेताना काय हिशेब केला, हे त्याला 'वर्तमानाकडे झुकलेला' असा शिक्का मारून कळत नाही. मुकादम, उचल, कोयता हे शब्द ज्याला त्यांच्या संदर्भासकट कळतात त्यानेच तो प्रश्न विचारावा.

विभाग म्हणून आपण काय करावे? नवी पदविका काढून तिला भारदस्त नाव देण्याचा उत्साह आम्हांला नाही. त्यापेक्षा छोटे काम हाती घेतले आहे. एम. ए.च्या वर्गाला सूचनाफलक, देयके आणि नोटिसा गोळा करायला सांगितल्या. 'दंड आकारण्यात येईल', 'पुरवठा खंडित करण्यात येईल' : पानेच्या पाने कर्ता नसलेली. हे करणार कोण, हे कुठेच नाही. त्यातून महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी दोन सूचना तयार झाल्या. एक नेहमीची, 'पुस्तक परत न केल्यास दंड आकारण्यात येईल'. दुसरीत कर्ता आहे : तुमच्या वर्गातली कोणी तरी ह्या पुस्तकासाठी थांबली आहे. पुस्तके थकवलेल्यांची यादी मोठी आहे. ग्रंथपालांची संमती मिळाली. आता चिठ्ठ्या टाकून यादीचे दोन भाग करायचे, आणि महिना संपला की कोणत्या भागातून किती पुस्तके आली ते मोजायचे.