मुलांना आपले महाविद्यालय दाखविताना

आपल्या समाजातील नोकरदार कुटुंबे अलीकडे सुट्टीत सहलीला जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांच्या आजोबांनी वडसा स्टेशनापलीकडचे जग पाहिले नव्हते, त्यांची नातवंडे आज महाबळेश्वर, गोवा, अजिंठा पाहून येतात. दीक्षाभूमीला तर आपण सहकुटुंब जातोच. परंतु ज्या महाविद्यालयाच्या पदवीमुळे हा प्रवासखर्च परवडू लागला, ते महाविद्यालय मुलांना दाखविण्यासाठी वाट वाकडी करणारे पालक आमच्या पाहण्यात फार थोडे आहेत. ही स्मरणिका आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आणि पालक या दोघांच्याही हाती पडणार आहे, म्हणून या विषयावर लिहिण्याचे योजिले.

आमचे पदवीचे शिक्षण 1988 ते 1991 या काळात नागपूरच्या दीक्षाभूमीवरील डॉ. आंबेडकर महाविद्यालयात झाले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक समितीने 1964 मध्ये सुरू केलेले हे महाविद्यालय. 14 ऑक्टोबर 1956 रोजी जेथे लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, त्याच भूमीवर त्यांच्या नातवंडांसाठी वर्ग उघडले गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्यालाही दीक्षा दिली. आमच्या आजोबांची दीक्षा तेथली. कुरखेड्याहून एस.टी.ने वडसा, तेथून छोट्या गाडीने नागभीड, तेथे गाडी बदलून इतवारी, असा आमचा प्रवास असे. लोखंडी पेटी, वळकटी आणि घरच्या तांदळाचे पोते सोबत असायचे. दिवस संपत आला की नागपूर यायचे.

आज जो शुभ्र स्तूप आपण पाहतो, तो त्या वेळी अपुरा होता. त्याचे उद्घाटन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते 18 डिसेंबर 2001 रोजी झाले. म्हणजे आमची सगळी पदवी बांधकामाच्या सावलीत झाली. वर्गात तास चालू आणि बाहेर कामाचा आवाज. आमच्या मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांना ते खरेच वाटेना, कारण त्यांनी तो घुमट जन्मापासून पूर्णच पाहिलेला आहे.

गेल्या डिसेंबरमध्ये नात्यातील एका मंगल परिणयासाठी आम्ही सहकुटुंब नागपूरला गेलो होतो. कुरखेड्याहून मोटारीने साडेतीन तास लागले. वंदना झाल्यावर मुलांना महाविद्यालयाच्या आवारात नेले. आमच्या सहचारिणी आरमोरीच्या. त्यांचे शिक्षण डी.एड.पर्यंत; घरातून बाहेर पडून शिकलेल्या त्या पहिल्या मुलगी. त्यांनीही हे आवार निवांतपणे प्रथमच पाहिले. धाकट्याने छायाचित्रे काढली. पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीने मात्र विचारले, "बाबा, हे एवढं महत्त्वाचं होतं, तर मला इथे का नाही पाठवलं?"

आम्ही काही बोलण्याआधी तिच्या आईनेच उत्तर दिले. "तुझ्या बाबांना एकच दार उघडं होतं. तू चार ठिकाणी फॉर्म भरलेस."

हे उत्तर आम्हाला पटते. बाबासाहेब स्वतः एल्फिन्स्टनमध्ये शिकले, कोलंबिया आणि लंडनला गेले. आपल्या मुलांनी आपल्याच संस्थांत शिकावे, असा दंडक त्यांनी घातला नव्हता. आपल्यातील काही विचारवंत 'मध्यमवर्ग समाजाला विसरला' असे म्हणताना मुलांच्या प्रवेशाचाच दाखला देतात, तो आम्हाला अन्यायाचा वाटतो. मुलगी पुण्यात शिकते हे या महाविद्यालयाचे यश आहे.

पण मुलीचा प्रश्न प्रवेशापुरता नव्हता. तिने आपल्या वडिलांचे आवार पाहिले ते वयाच्या विसाव्या वर्षी, आणि तेही लग्नाच्या निमित्ताने. दीक्षाभूमीवर ती दरवर्षी येत होती. स्तूपापासून वर्गापर्यंतची चार पावले तेवढी राहिली होती. समाजाचेही असेच आहे. 1 जुलै 2024 रोजी भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध हजारो लोक दीक्षाभूमीवर धावून आले आणि शासनाला त्या कामास स्थगिती द्यावी लागली. भूमीविषयीची ही जागरूकता अभिमानास्पदच. त्या भूमीवरच्या वर्गांत आज आपल्या जंगलपट्ट्यातली किती मुले बसतात, ती कोठे राहतात, काय खातात, याची चौकशी करायला मात्र कोणी धावत नाही.

ती चौकशी त्या दिवशी आमच्याकडून सहज झाली. आमची झाडीकडची बोली ऐकून एक विद्यार्थी "जय भीम सर, तुम्ही आमच्याकडचे का?" म्हणत जवळ आला. कोरची तालुक्यातला मुलगा. चौघांनी मिळून खोली केलेली, तांदूळ घरून येतो. आमच्या धाकट्याने त्याला विचारले, भात तुम्ही स्वतः करता? तो हसला. पुढची वीस मिनिटे दोघांचे काय बोलणे झाले ते आम्हाला कळले नाही, पण मोबाइल खिशात होता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे एक नोंद करावीशी वाटते. आपल्या चळवळीत महाविद्यालयाच्या आधी वसतिगृह आले. शाहू महाराजांनी 1908 मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात काढले. सिद्धार्थ महाविद्यालय 1946 चे, मिलिंद 1950 चे. शिकविण्यापूर्वी मुलाला छप्पर, अन्न आणि सोबती द्यावे लागतात, हे त्या पिढीने ओळखले होते. आम्ही स्वतः राजकारण, वाचन, वादविवाद आणि दुसऱ्याच्या दुखण्यात जागणे शिकलो ते वसतिगृहाच्या खोलीत. तासाला बसून जे शिकलो त्याने परीक्षा सुटली. 2016-17 पासून राज्य शासनाची स्वाधार योजना वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलांना खर्चासाठी रक्कम देते. ती योजना हवीच. मात्र भाड्याच्या खोलीत वरच्या वर्गाचा भाऊ नसतो, वाचनालय नसते, आजारी पडल्यास रेक्टरला उठवता येत नाही. ही उणीव माजी विद्यार्थी भरून काढू शकतात. जुने आवार पाहायला जाणाऱ्या कुटुंबाने आपल्याकडचा एक मुलगा, एक मुलगी शोधून त्यांच्या खोलीवर जावे, आपल्या मुलांना तेथे बसवावे.

सती नदीच्या काठच्या या आपल्या गावातही हेच लागू आहे. आपल्या निवासी शाळेच्या मेळाव्याला माजी विद्यार्थी येतात, मंचावर सत्कार होतात, जुन्या वर्गापुढे छायाचित्रे निघतात आणि सायंकाळपूर्वी गाड्या परततात. त्यांच्या मुलांना आणि येथे राहणाऱ्या मुलांना एकमेकांची नावेही कळत नाहीत. शाळेत शिकविताना हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणून संस्थेला आमची एक लहान सूचना आहे. पुढील मेळाव्यापासून माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे जेवण पाहुण्यांच्या मंडपात न ठेवता भोजनगृहातील रोजच्या पंगतीत ठेवावे. ताट-वाटी त्यांनी घरून आणावी, आणि जेवण झाल्यावर इतर मुलांबरोबर नळावर जाऊन स्वतः घासावी.