भिंतीला ओल सोडूं द्या

वैनगंगेकांठच्या गांवांतून जुन्या मातीच्या, कवेलूंच्या घरांची डागडुजी करण्याचा माझा व्यवसाय. गिऱ्हाईक बहुधा प्रथम म्हणतें, "भिंतींना सिमेंट लावा, म्हणजे कटकट मिटेल." भंडाऱ्यांतील एका घरीं मींही पूर्वीं तसेंच केलें, तिसऱ्या पावसाळ्यांत तो गिलावा मातीसकट खालीं आला.

कारण उघड आहे. माती जमिनींतील ओल ओढते. सिमेंट ती बाहेर पडूं देत नाहीं, व भिंत आंतून भुसभुशीत होते. चुना ओलीला वाट देतो. शिवाय चुनखडक भाजून केलेला चुना हवेंतील कर्बाम्ल वायु शोषून हळूहळू पुन्हां चुनखडकच बनतो. १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट निघण्यापूर्वीं पक्क्या बांधकामास बहुधा चुनाच वापरीत.

मात्र यास सवड हवी. चुना भिजवून मुरवावा, थर पातळ द्यावे, प्रत्येक थर कांहीं दिवस ओलसर राखावा. त्या घराचें काम मीं पदरमोड करून याच रीतीनें पुन्हां केलें.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति : दर ठरविण्यापूर्वीं कंत्राटदारास "चुना किती दिवस मुरवणार?" असें अवश्य विचारावें.