कॅप्टन, पगार किती?

तुमच्या ऑफिसात प्रमोशन नेमकं कशावर मिळतं, सांगता येईल? नाही ना? मलाही नाही. सहा वर्षं हिंजवडीत काढली, दर एप्रिलला इमानेइतबारे अप्रेझलचा फॉर्म भरला आणि दरवर्षी एकच शेरा पदरात पडला, 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. आता या अपेक्षा कुणाच्या, किती आणि त्या ओलांडायच्या तर कुठून? विचारा कुणालाही... सन्नाटा!

पण माझी आणखी एक नोकरी आहे. तिथं मी फर्स्ट ऑफिसर आहे, एअरबस ए320 चालवते आणि कॅप्टन व्हायला अजून किती तास उडायचंय ते मला तोंडपाठ आहे. पगार? शून्य. युनिफॉर्म? ट्रॅकपँट. कॉकपिट? बेडरूममधलं टेबल, एक कॉम्प्युटर आणि नवऱ्याकडून वाढदिवसाला उकळलेली जॉयस्टिक.

तर मंडळी, ही व्हर्च्युअल एअरलाइन. फ्लाइट सिम्युलेटर ही काही आजकालची चीज नाही. मायक्रोसॉफ्टचा पहिला 1982 मध्ये आला, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आधी! पण एकट्यानं किती वेळ उडणार? म्हणून जगभरच्या हौशी मंडळींनी कंपन्या काढल्या. त्यात वेळापत्रक असतं, फ्लाइट नंबर असतात आणि भरती-बढतीचे नियमही. आयव्हाओ हे नेटवर्क 1998 पासून आहे, वॅटसिम 2001 पासून. तिथं एअर ट्रॅफिक कंट्रोलरही खरीखुरी माणसंच, पण तीही हौशी. रविवारी संध्याकाळी तुम्हाला मुंबईत उतरायची परवानगी देणारा आवाज दिवसा कुठं तरी जीएसटीचे रिटर्न भरत असू शकतो.

माझ्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. "अगं, म्हणजे विमान नाही, माणसं नाहीत, आणि तू रात्री साडेअकराला कुणाला 'गुड इव्हनिंग' म्हणतेस?" असा त्यांचा सवाल. नवऱ्याचा सवाल त्याहून थेट : "कॅप्टन झालीस की पगार किती?"

पगाराचं सोडा, आधी शिडी बघा. नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे, पण साचा साधारण एकच. नवा भिडू छोट्या विमानावर सुरू करतो. प्रत्येक उड्डाणाची नोंद एक छोटं सॉफ्टवेअर ठेवतं. किती वाजता निघालात, किती इंधन जाळलंत, दहा हजार फुटांखाली 250 नॉटची मर्यादा पाळलीत का, चाकं टेकली तेव्हा मिनिटाला किती फुटांनी खाली येत होतात... सगळं! तुमचा रिपोर्ट मंजूर झाला की तास जमा. तास साठले की हुद्दा वाढतो. ट्रेनी, फर्स्ट ऑफिसर, कॅप्टन, सीनियर कॅप्टन वगैरे.

पण हुद्दा वाढला म्हणून मोठं विमान मिळत नाही. त्यासाठी 'रेटिंग' लागतं. म्हणजे त्या विमानाची वेगळी लेखी परीक्षा आणि वेगळं चाचणी-उड्डाण. आणि हे खऱ्या जगातूनच उचललंय. आपल्याकडे कमर्शियल पायलटच्या लायसन्सला 200 तास लागतात, एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटच्या लायसन्सला 1500. पण लायसन्स खिशात असलं तरी ए320 चालवायचं तर ए320 चं रेटिंग वेगळं घ्यावं लागतं. गंमत म्हणजे ते घेतलं की ए319 आणि ए321 सुद्धा त्यातच येतात, कारण कॉकपिट जवळपास सारखंच. एटीआरला मात्र ते चालत नाही.

मी एटीआर 72 वरून एअरबसवर आले. हे म्हणजे बुलेट सोडून अॅक्टिव्हावर बसण्यासारखं. एटीआरला ऑटोथ्रॉटल नसतो, वेग सांभाळणं हे तुमच्या हाताचं काम. एअरबसमध्ये इंजिनाची ताकद कॉम्प्युटर कमी-जास्त करतो आणि लिव्हर मात्र जागचे हलत नाहीत. सोप्पं वाटतं ना? पण हातांना काम नसलं की डोळ्यांचं काम दुप्पट होतं. आणि डोक्यात हिशेब चालूच. उंची हजार फुटांत मोजा, तिला तीननं गुणा, तितके नॉटिकल मैल आधी उतरायला लागा. 35 हजार फुटांवरून येताय? 105 मैल, म्हणजे जवळपास 195 किलोमीटर. नागपूरहून मुंबईला येताना शिर्डीच्या आसपासच खाली सरकायला सुरुवात!

माझी चाचणी याच मार्गावर झाली, जुलै महिन्यात. सिम्युलेटर त्या क्षणीचं खरं हवामान ओढून आणतो, त्यामुळे मुंबईत पाऊस आणि झोडपणारा पश्चिमेचा वारा. परीक्षक कोण? नागपूरचा एकोणीस वर्षांचा इंजिनीअरिंगचा पोरगा. नियम असा की हजार फुटांवर वेग, उतार, चाकं, फ्लॅप्स सगळं जागेवर पाहिजे. माझा वेग वाऱ्यानं वर-खाली उड्या मारत होता. मी लिव्हर पुढे ढकलले आणि विमान परत वर नेलं. दुसऱ्या खेपेला उतरले, पण अलगद वगैरे नाही, चांगलं ठाम टेकवलं. मनात म्हटलं, गेलं रेटिंग.

हेडफोनमधून आवाज आला, "ताई, तुम्ही परत वर गेलात म्हणूनच पास. तसंच रेटून खाली बसवलं असतं ना, तर फेल केलं असतं." वर हेही सांगितलं की ओल्या रनवेवर लोण्यासारखं लँडिंग करायला जाऊ नये, चाकं पाण्यावरून घसरतात, ठामच टेकवावं. मग तीन ओळींचा लेखी शेरा आला. काय बरोबर, काय कच्चं, पुढच्या वेळी काय करायचं. सहा वर्षांच्या ऑफिसात मला अशा तीन ओळी कुणी दिल्या नव्हत्या.

आता हे वाचून व्हर्च्युअल एअरलाइन म्हणजे स्वर्ग असं समजू नका. आमच्यातही महाभाग आहेतच. रात्री मुंबई-लंडन लावायचं, ऑटोपायलट चालू करायचा आणि पांघरूण ओढून ताणून द्यायची. सकाळी नऊ-दहा तास जमा! तेवढ्या वेळात मी एटीआरवर नाशिक, कोल्हापूर, गोवा असे टप्पे करत दहा लँडिंग करायची. तास दोघांचे सारखेच. हुद्दाही सारखाच. हात मात्र सारखा नाही.

खऱ्या विमानसेवेला हे बरोब्बर ठाऊक आहे. तिथं हजारो तास नावावर असले तरी गेल्या 90 दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेली नसतील, तर आधी सराव, मग प्रवासी. तासांना मान आहे, पण तासांवर आंधळा विश्वास नाही. आपल्या ऑफिसांत नेमकी इथंच खिचडी होते. 'किती वर्षं झाली' आणि 'काय येतं' या दोन गोष्टी एकाच पातेल्यात शिजतात आणि वाढपी म्हणतो, 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'.

म्हणून या एप्रिलला मी मॅनेजरना म्हटलं, "आकडा काय द्यायचा तो द्या. पण पुढच्या पायरीला माझ्यात काय कमी आहे, तेवढं तीन ओळींत लिहून द्याल?" ते जरा गडबडले. त्यांना बहुधा आजवर कुणी विचारलंच नव्हतं. चार दिवसांनी मेल आला. एक क्लायंट स्वतंत्रपणे सांभाळ. दोन ज्युनियर्सना तयार कर. मीटिंगमध्ये नाही म्हणायचं तिथं नाही म्हण. बस्स, तीनच ओळी!

प्रमोशन? अजून नाही. पण तिसरी ओळ वाचून मी जाम खूश झाले. हजार फुटांवर गणित जमत नसेल तर परत वर जायचं, एवढंच तर ते सांगतायत. आणि त्याचं रेटिंग माझ्याकडे ऑलरेडी आहे!

पुढच्या अप्रेझलला तुम्हीही मागून बघा तीन ओळी. नाहीच मिळाल्या, तर आमच्याकडे भरती चालू आहे. पगार तेवढा विचारू नका.