बुटका गड

रविवारी पहाटे कसाऱ्याला लोकल रिकामी होते. पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं बाहेर येतात आणि जीपवाले ओरडायला लागतात, "रतनगड! हरिश्चंद्रगड! कळसूबाई!" बळवंतगडाचं नाव कुणाच्या तोंडात नाही. मी एकदा एकाला सुचवलं, तर म्हणाला, "काका, तो तर दुपारच्या आत संपतो."

संपतो म्हणजे काय? डोंगर काय वडापाव आहे?

त्याच विहीगावच्या धबधब्यावर पावसाळ्यात जत्रा भरते. सिनेमात आला ना तो, 2001 साली. तेव्हापासून त्याचं नावसुद्धा 'अशोका'! गडाचं नशीब तसलं नाही.

वर फारसं काही उरलेलं नाही, हे मान्य. पण ज्यानं ही जागा निवडली त्याला उंची नको होती, नजर हवी होती. खाली सगळा थळघाट. 1865 साली त्यातून आगगाडी सुरू झाली, सदतीस फुटांना एक फूट असा उभा चढ. म्हणून तर कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना. लहानपणी गुरं चरायला सोडून आम्ही वर बसायचो. गाडी बोगद्यात शिरली की किती अंक मोजेपर्यंत बाहेर येते यावर चिंचोक्यांची पैज. मी बहुतेक वेळा हरायचो. मालगाडी असली की मोजता मोजता दम लागायचा, गाडीला आणि आम्हालाही. पलीकडे आग्रा रोडवरचे ट्रक मुंग्यांसारखे.

आमचे काही शहाणे म्हणतात, बरंय कुणी येत नाही ते, नाहीतर इथंही बाटल्या पडतील. पटतं अर्धं. पण आमच्या शेताजवळची एक बिननावाची टेकडी मी मुरूम होऊन डंपरमधून जाताना पाहिलीय. आजी तिथून कुडाला कारवी आणायची. कुणी हूं की चूं केलं नाही, कारण तिथं कुणी फिरकतच नव्हतं. आम्हीही नाही, हे आधी कबूल करतो. जिथं चार माणसांचे पाय लागतात तिथं निदान विचारणारं कुणीतरी असतं.

तर बाबांनो, एक रविवार हरिश्चंद्रगड राहू द्या, तो कुठं जात नाही. पाण्याची बाटली आणा आणि रिकामी परत न्या. गुडघे कुरकुरतात माझे, पण एवढा चढ अजून जमतो. पहिल्या लोकलला या, मी स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर असेन.