शेवटच्या कडव्यातलं नाव

सरत्या २०२५ सालाचा हिशेब मांडायचा तर मे महिन्यापासून सुरुवात करावी लागेल. पावसाळ्याला अजून अवकाश असताना बारामती-इंदापुरात पाऊस कोसळला, नीरा डावा कालवा फुटला, उभ्या पिकांत पाणी शिरलं. जूनमध्ये शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि महिना संपता संपता शासनाला निर्णय मागे घ्यावे लागले. जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्याची शेतं धुऊन नेली. या साऱ्यावर जाणत्यांनी लिहिलं आहे आणि आमच्या वाचकांनी ते वाचलंही आहे. आम्हाला मात्र वर्षभर एक साधी गोष्ट खटकत राहिली आणि तीच या पानावर मांडायची आहे. महाविद्यालयातली मुलंमुली एकमेकांना गाणी देतात, पण त्या गाण्यांसोबत कुणाचंच नाव देत नाहीत.

आपल्या भागातल्या कुठल्याही वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. वर परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख, खाली प्रॅक्टिकलच्या बॅचची यादी, त्याखाली भिगवणची एसटी सुटली का याची विचारणा आणि मध्येच एक निळी लिंक. सोबत एक ठिणगीचं चित्र, फार तर दोन. लिंक उघडली की तीस-चाळीस सेकंदांचा तुकडा वाजतो: ध्रुपदाची एक ओळ, ढोलकीचा एक तुकडा, वर कुणाचा तरी नाच. तिघे-चौघे लाल बदाम टाकतात आणि पाच मिनिटांत ती लिंक असाइनमेंटच्या सूचनेखाली गाडली जाते. स्टेटसला लावलं तर २४ तासांत आपोआप पुसलं जातं. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, पुढे कडवी किती, देणाऱ्याला ते का आवडलं, यातलं काहीच पाठवलेलं नसतं आणि कुणी विचारतही नाही. मुलांना गाण्याची ओढ नाही, असं मुळीच नाही. ओढ आहे म्हणून तर दिवसातून पाच वेळा पाठवलं जातं. पण इतक्या ओढीने दिलेल्या वस्तूवर ना देणाऱ्याची खूण आहे, ना करणाऱ्याची.

मराठी गाण्याची रीत अशी नव्हती. आपल्याकडे शतकानुशतकं गाणं हातोहात, तोंडोतोंडीच फिरलं आणि तरीही त्यावरचं नाव पुसलं गेलं नाही, कारण करणाऱ्याने ते गाण्याच्या कापडातच विणून ठेवलं होतं. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुकोबांचं नाव येतं. दरवर्षी त्यांची पालखी बारामती मुक्काम करून काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणातून पुढे निघते आणि बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला नीरेकाठी उतरते. त्या वाटेवर अक्षरओळख नसलेला वारकरीसुद्धा जे गातो त्याच्या कर्त्याचं नाव तोंडाने घेतो. शाहिरांनी हेच केलं. होनाजी बाळा हे नाव म्हणजे खरं तर दोन माणसं: कवनं रचणारे होनाजी शिलारखाने आणि ती गाणारे बाळा कारंजकर. रचणारा आणि गाणारा दोघांनाही एकाच नावात जागा देणारी ही आपली परंपरा आहे. पठ्ठे बापूरावांच्या लावणीत त्यांचं नाव येतं, वामनदादा कर्डकांच्या गीतांत ‘वामन’ येतो. वामनदादांची गाणी वस्तीवस्तीत, जयंतीच्या मांडवात, कुठल्याही कंपनीच्या मदतीवाचून पोहोचली. ज्या माणसांची नावं इतिहासाने सहजासहजी लिहून ठेवली नसती, त्यांनी ती गाण्यात स्वतः लिहून ठेवली, हे विसरून चालणार नाही. आणि बारामतीने तर या बाबतीत कुणाकडे बघायची गरज नाही. श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये ‘शिवलीलामृत’ इथेच पूर्ण केलं आणि ग्रंथाच्या अखेरीस गावाचं नाव आणि शकही सांगून ठेवला. पुढे मोरोपंत इथे राहिले आणि ‘मयूर’ ही आपली खूण काव्यात मागे ठेवून गेले. कऱ्हेच्या काठी कवितेसोबत कर्ता, गाव आणि काळ असे तिन्ही दाखले दिले जात होते.

यंत्र आलं तेव्हाही आधी ही रीत टिकली. १९०२ मध्ये गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. त्या तबकड्यांत गाणं संपताच त्या स्वतःचं नाव इंग्रजीत उच्चारतात. तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या माणसाला लेबलवर नाव नीट घालता यावं म्हणून हे करावं लागे, असं सांगतात. कारण व्यवहाराचं असेल, पण परिणाम तोच झाला. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याची गोष्ट त्याच्या उलट टोकाची आहे. तबकडीवर गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचं, कामिनीचं, नाव छापलं होतं. रेडिओवर गाणं वाजताच श्रोत्यांनी पत्रांचा मारा केला की हा आवाज कुणाचा? अखेर कंपनीकडून नाव मिळवून रेडिओला सांगावं लागलं आणि लता मंगेशकर हे नाव घरोघर गेलं. नाव मागणारा श्रोता होता म्हणून ते मिळालं. पुढे आकाशवाणीच्या निवेदकांनी दोन पिढ्यांना हे वळण लावलं. गाणं लावण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी तीन नावं, शांतपणे, प्रत्येक वेळी. आज परिस्थिती काय आहे? महाराष्ट्राचं राज्यगीत २०२३ पासून शाळा-महाविद्यालयांतून सरकारी मानाने गायलं जातं. शाहीर साबळ्यांचा आवाज सगळ्यांना ठाऊक आहे. ते गीत राजा बढे यांनी लिहिलं आणि त्याला चाल श्रीनिवास खळे यांनी लावली, हे गाणाऱ्यांपैकी किती जणांना कधी कुणी सांगितलं?

याचा सगळा दोष आजच्या फोनला देणं अन्यायाचं होईल. नकली कॅसेटच्या कागदावरही नावं धड नसत. मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून देण्याचा काळ तर याहून वाईट होता. शेकडो गाणी एका फटक्यात मिळत आणि स्क्रीनवर गायकाच्या जागी ‘अननोन आर्टिस्ट’ किंवा गाणं जिथून उतरवलं त्या वेबसाइटचं नाव झळके. म्हणजे ज्याने चोरलं त्याचं नाव राहिलं आणि ज्याने घडवलं तो अज्ञात झाला. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरवर आजही अशाच कार्डातली गाणी वाजत जातात. त्यात प्रल्हाद शिंद्यांचं पंढरीच्या वाटेचं गाणं हटकून असतं. तो आवाज कुणीही ओळखेल, पण गीत दत्ता पाटलांचं आणि संगीत मधुकर पाठकांचं हे फार थोड्यांना माहीत आहे. या एका गाण्याने लाखो माणसांना चालायला बळ दिलं आहे. त्याच्या गीतकाराचं नाव आपल्या जिभेवर नसावं, ही आम्हाला साधी चूक वाटत नाही.

आता यावर पहिला आक्षेप येतो तो अभ्यासकांचा. लोकगीताला नाव नसतंच, जात्यावरची ओवी कुणाची असते, मग आजच्या निनावी तुकड्यावरच राग का? आक्षेप वजनदार आहे, पण तो अर्धाच खरा आहे. ओवी गाणारी बाई ती स्वतःच्या भावाचं, लेकीचं, गावाचं नाव गुंफून गाते. ज्या घरात ती ओवी वाजते त्या घराला ती कुणाची हे माहीत असतं. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून मुळशीसारख्या डोंगरी भागापासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांनी ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही टिपलं. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता अशा कितीतरी बायांचं नाव तिथे ओवीखाली उभं आहे. निनावी समजल्या जाणाऱ्या गाण्याला नाव परत देण्याचं एवढं मोठं काम आपल्याच पुणे जिल्ह्यात सुरू झालं असताना, ज्यांची नावं ढळढळीत उपलब्ध आहेत त्यांची आपण का गाळावीत?

दुसरा आक्षेप खुद्द मुलांचा असेल आणि तो अधिक रोकडा आहे. ॲपला विचारलं की नाव कळतं, आवडलेल्या गाण्यासारखी आणखी दहा गाणी ते आपणहून पुढे ठेवतं, मग लिहीत कशाला बसायचं? शिवाय आज इंदापूरच्या मुलाला जगातलं कुठलंही गाणं ऐकता येतं, पूर्वी एका कॅसेटसाठी पैसे साठवावे लागत, हे कसं नाकारता? नाकारत नाही. ही मोठी सोय आहे आणि ती खेड्यातल्या मुलांपर्यंत पोहोचली याचा आनंदच आहे. याच वाटेने जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये मराठीच्या सीमा ओलांडून गेलं. पण त्याने ते स्वतः लिहून गायलं आणि संगीत जी-स्पार्कचं आहे, हे त्या तुकड्यावर नाचणाऱ्यांपैकी कितीजणांनी पाहिलं असेल? खेड्यातून आलेल्या मुलाने स्वतः लिहिलेलं गाणं देशभर वाजतं, ही बातमी आपल्या वर्गातल्या वहीच्या मागच्या पानावर कविता लिहिणाऱ्या मुलापर्यंत पोहोचायला हवी होती. तुकड्यातून ती पोहोचत नाही. ॲप पुढचं गाणं देतं ते तुम्ही आधी काय ऐकलं त्यावरून. तुम्ही काय ऐकलेलं नाही आणि ते तुम्हाला का आवडेल, हे शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला जास्त कळतं.

आणि शोध पुढे सरकतो तो नावाच्याच आधाराने. उजनीच्या पाण्यापलीकडच्या करमाळ्यात घडलेला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला. त्याच्या गाण्यांवर बारामती-इंदापूर या आपल्या दोन्ही तालुक्यांतली लग्नं, वराती, गॅदरिंगं नाचली. ज्याने नुसतं नाचून घेतलं त्याची वाट तिथेच संपली. ज्याने नावं वाचली त्याला अजय-अतुल कळले आणि त्यातल्या व्हायोलिनच्या लाटा लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्याचं समजलं. मग तो मागे ‘जोगवा’ चित्रपटाकडे गेला, ज्याच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे, आणि तिथे त्याला संजय कृष्णाजी पाटील हा गीतकार भेटला. एका नावाने तीन दारं उघडली. निनावी तुकडा कितीही गोड असला तरी तो पुढे कुठेच नेत नाही. त्यानंतर येतो तो फक्त दुसरा तुकडा.

हे काम वर्गाचं आहे, असा आमचा आग्रह आहे. घरात पिढ्यांच्या आवडी वेगळ्या असतात, बाहेरचा बाजार फार मोठा आहे. वर्ग मात्र साठ-सत्तर जणांचा. त्यात वालचंदनगरच्या कामगार वसाहतीतली मुलगी असते, नीरा-नरसिंगपूरकडून एसटी बदलत येणारा मुलगा असतो, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातलं कुणी असतं, ज्याच्या घरी धनगरी ओव्या आणि गजनृत्याची गाणी अजून जिवंत आहेत. एकाच्या घरात भजनाची वही, दुसरीच्या घरात भीमगीतांच्या कॅसेट. तीन वर्षं हे सगळे एका खोलीत बसतात आणि एकमेकांना देतात ते मात्र एकच, सगळ्यांकडे आधीच पोहोचलेलं रील. पदवी घेऊन बाहेर पडताना या मुलांनी एकमेकांच्या घरातलं एकही गाणं ऐकलेलं नसतं. आमच्या मते यंदाचं सर्वांत मोठं सांस्कृतिक नुकसान हे आहे आणि त्याची नोंद कुठल्याही आढाव्यात येणार नाही. याला खर्च लागत नाही. भित्तिपत्रक लावायचा फळा प्रत्येक महाविद्यालयात आहे. एखादा ऑफ तास रोजच मिळतो. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्रही आहे. आठवड्याला एका मुलाने एक अख्खं गाणं वर्गाला ऐकवावं, त्याची नावं सांगावीत आणि आपल्याला ते का द्यावंसं वाटलं हे दोन वाक्यांत बोलावं. ही दोन वाक्यं सर्वांत अवघड आहेत, कारण तिथे ठिणगीचं चित्र चालत नाही. कुणी ‘मला नाही आवडलं’ म्हणालं तर उत्तर द्यावं लागतं. आवडीची जबाबदारी घ्यायला शिकण्याचं याहून चांगलं वय नाही.

आमच्या यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ‘पाणी’ आहे. गाण्याचा त्याच्याशी काय संबंध, असं वाचक विचारतील. नीरा डाव्या कालव्याच्या टेलला बसलेल्या इंदापूरच्या शेतकऱ्याला आपल्या पाटात आलेलं पाणी भाटघर-वीर धरणांतून निघालं, कुठल्या फाट्याने आलं आणि वर कुणाची पाळी झाली, हे तोंडपाठ असतं. पाणी आलं एवढ्यावर तो थांबत नाही. त्याचीच मुलं महाविद्यालयात आहेत, म्हणून हा दाखला दिला. दिवाळी अंकाची रीतही हीच आहे. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी दिवाळी अंक अनुक्रमणिकेने उघडतो आणि अनुक्रमणिकेत प्रत्येक लेखनापुढे एक नाव असतं. आमच्या पुढच्या अंकात बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांनी शोधलेल्या गाण्यांसाठी सोळा पानं राखून ठेवत आहोत. गाणं चित्रपटातलं असो, आजीच्या तोंडचं असो की मागच्या महिन्यात आलेलं रॅप असो. लिहिणाऱ्याचं, चाल लावणाऱ्याचं, गाणाऱ्याचं नाव हवं. आजीचं असेल तर आजीचं नाव आणि तिचं माहेर हवं. आणि वर्गातल्या कुणाला ते पहिल्यांदा ऐकवलं, हेही लिहा. मजकूर चैत्र पाडव्यापर्यंत पोहोचावा.