दगडाचे पुस्तक

एखाद्या कड्याचा माथा गाठला, एवढ्यावरूनच गिर्यारोहकाची थोरवी ठरत नाही. तो कोणत्या रीतीने वर गेला आणि आपल्यामागून येणाऱ्यांसाठी त्याने काय राखून ठेवले, हेही पाहावे लागते. अमेरिकेतील एका खडकाची हकिकत हीच गोष्ट शिकविते.

कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात टाक्विट्झ नावाचा ग्रॅनाइटचा प्रचंड खडक आहे. त्यावर एके ठिकाणी दोन उभ्या भिंती एकमेकींना कोनात भेटतात आणि त्या कोनातून एक भेग वर जाते. जणू कोणी अर्धवट उघडलेले पुस्तकच तेथे उभे करून ठेवले आहे! म्हणून या वाटेला ‘उघडे पुस्तक’ असे नाव पडले.

1947 साली जॉन मेंडेनहॉल व हॅरी सदरलँड हे दोघे या वाटेने प्रथम वर गेले. भेगेत मेखा ठोकाव्यात आणि त्यांच्या आधाराने वर सरकावे, अशी त्यांची रीत होती. पुढे 1952 साली रॉयल रॉबिन्स हा 17 वर्षांचा तरुण तीच वाट केवळ हातापायांच्या बळावर चढला. असा चढणारा भेगेत हात घालून मूठ आवळतो, पाऊल तिरपे घालून घट्ट बसवितो आणि दोन्ही भिंतींना पाय रेटून तोल सांभाळतो. दोर असतो तो वर ओढण्यासाठी नव्हे, पडल्यास सावरण्यासाठी.

परंतु त्या दोरालाही खडकात कोठेतरी आधार हवाच. त्या काळी तो पोलादी मेखांचा असे. पुढचा गडी हातोड्याने मेख ठोकी आणि मागचा गडी हातोड्यानेच ती सैल करून काढी. ग्रॅनाइट कठीण खरा. पण पोलादाच्या घावांपुढे त्याचेही काही चालत नाही. नावाजलेल्या वाटांवर वारंवार मेखा ठोकल्या गेल्या, तेव्हा भेगांच्या कडा फुटल्या आणि खळगे पडले.

रॉबिन्सने 1966 साली इंग्लंडमध्ये निराळी पद्धत पाहिली. तेथील आरोहक धातूच्या लहान पाचरी हाताने भेगेत अडकवीत आणि काम होताच हातानेच काढून घेत. पुढच्याच वर्षी त्याने व त्याची पत्नी लिझ हिने योसेमिटीच्या खोऱ्यात एक नवी वाट अशा पाचरींच्या आधाराने चढून दाखविली. यानंतरची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. यव्हाँ श्विनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट हे स्वतः मेखा बनवून विकत असत. तरीही 1972 साली त्यांनी आपल्याच मालाच्या सूचिपत्रातून मेखांचा वापर टाळा, असे आरोहकांना आवर्जून सांगितले. ज्या वस्तूवर आपला धंदा चालतो, तिच्याविरुद्ध बोलावयास मोठे धैर्य लागते.

यावर कोणी म्हणेल, “निर्जीव दगडाला खळगा पडला, तर बिघडले काय? माणसाचा जीव अधिक मोलाचा नाही काय?” जीव मोलाचा आहे, यात शंका नाही. मेखांनी अनेकांना सावरले आहे आणि जेथे दुसरा उपायच नसेल, तेथे मेख ठोकणाऱ्याला दोष देता येणार नाही. परंतु हाताने बसविलेली पाचर तेच काम करीत असताना केवळ सवयीने हातोडा उचलणे योग्य नव्हे. झाडाची जखम कालांतराने भरून येते. दगडाची भरून येत नाही. फुटलेली कडा पूर्ववत करणे कोणालाही शक्य नाही.

वाचनालयातील पुस्तक आपण वाचतो, त्यातून आनंद मिळवितो आणि पाने न फाडता परत करतो. कारण दुसरा वाचक त्याची वाट पाहत असतो. दगडाच्या पुस्तकालाही हाच नियम लागू आहे. पहिल्या वाचकाला जे कोरे पान मिळाले, ते शंभराव्यालाही मिळावे. जो चढून जातो आणि मागे आपली खूण ठेवीत नाही, तोच खरा आरोहक होय.