कर्ज विहिरीसाठी की सणासाठी?

मार्चअखेर आली की सोसायटीत 'नवं-जुनं' करण्याची धावपळ होते. जुने कर्ज भरायचे आणि लगेच नवे उचलायचे. राज्य सरकारचा कारभारही याहून फारसा वेगळा नाही. मुदत संपलेले कर्जरोखे नव्या कर्जातूनच फेडले जातात. त्यात वावगे काही नाही. उत्पन्न व्याजापेक्षा जोमाने वाढत असेल तर कर्ज पेलते. प्रश्न आहे तो पैसा कशावर गेला याचा.

मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी रुपये धरला होता. म्हणजे तूट ४५ हजार ८९१ कोटींची. एकूण राजकोषीय तूट सुमारे १ लाख ३६ हजार कोटी. याचा सरळ अर्थ असा, की उसनवारीच्या दर तीन रुपयांतला एक रुपया पगार, पेन्शन, व्याज आणि अनुदाने अशा चालू खर्चालाच जाणार होता. विहिरीसाठी काढलेल्या कर्जातून घरखर्च भागवण्यातला हा प्रकार.

सरकारचे तेव्हाचे म्हणणे, २०२५-२६ मध्ये एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार असले तरी ते राज्याच्या उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आतच होते. तूटही ३ टक्क्यांच्या मर्यादेत धरली होती. हे खरे. राज्य बुडाले, अशी ओरड करण्याचे कारण नाही. पण २०२५-२६ मधले लाडक्या बहिणींचे ३६ हजार कोटी असोत की शेतीपंपांची वीजमाफी, एकदा सुरू झालेला खर्च कोणालाही सहजी थांबवता येत नाही. मग कात्री लागते ती कालव्याला आणि रस्त्याला. २०२५ साली थकीत बिलांसाठी कंत्राटदार रस्त्यावर उतरले, ते उगीच नाही.

बरे, विहिरीसाठी काढलेले प्रत्येक कर्ज तरी फळते का? पुण्यात मुख्यालय असलेले कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ साली स्थापन झाले. बच्छावत लवादाची मे २००० ची मुदत डोक्यावर होती. सरकारच्या हमीवर बाजारात कर्जरोखे विकून पैसा उभा केला. एकाच वेळी ढीगभर कामे काढली. नीरा-देवघरसारखी धरणे झाली, पण कालवे वर्षानुवर्षे अर्धवट राहिले. शिवारात पाणी नाही, तर पाणीपट्टी कुठली? व्याज मात्र थांबले नाही. अखेर बोजा राज्याच्या तिजोरीवर, म्हणजे तुमच्या-आमच्यावर आला.

धडा साधा आहे. नव्या कामाचा नारळ फुटताना गावाने आणि पंचायतीनेही दोन गोष्टी विचाराव्यात: जुन्या कामाला अजून किती पैसा लागणार आणि तो यंदाच्या तरतुदीत आहे का? अर्धी खणलेली विहीर पाणी देत नाही. हप्ता मात्र पुरा मागते.